तिकडची भरती

देवेंद्रने फेकलेलं शिसं पाण्यात पडलंच नाही. ते खडकावर आपटून टणकन वाजलं आणि गळाला लावलेली कोळंबी उन्हात, शेवाळावर पडून राहिली. त्याने दोरी मागे ओढली तर ती एका कपारीत अडकली. ओढून पाहिलं, सैल सोडून पाहिलं. शेवटी बसत बसत खडकांवरून खाली उतरून त्याने ती हाताने सोडवली.

वर आला तेव्हा सर्फराज त्याच्या कानाशी लागला.

"पाणी कुठाय?"

"दिसतंय ना. तिथे."

"तिथे म्हणजे इराणात."

देवेंद्रने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ओहोटी होती, आणि तीही अगदी तळाची. महबूलाच्या इमारतींसमोरचा आखाताचा समुद्र पार लांब सरकला होता आणि मधे खडकांचा, डबक्यांचा, प्लास्टिकच्या पिशव्यांचा पट्टा उघडा पडला होता. एक पांढरा बगळा डबक्यांतून निवांत फिरत होता. दक्षिणेला, शुऐबाच्या बाजूला, चिमणीच्या टोकावरची ज्योत उन्हात फिकट दिसत होती. फारूक तिकडेच काम करायचा. त्या कारखान्यात तो दाबमापक आणि झडपा सांभाळायचा.

आता तो या दोघांपासून थोडा दूर, बांधाच्या टोकाच्या दगडावर बसला होता. त्याची दोरी मात्र पाण्यात होती. ओहोटीतही पाणी राहणारी एक चिंचोळी खाच त्याला ठाऊक होती. दोरी त्याने नेहमीसारखी तर्जनीवरून घेतली होती. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरत होता. एका पेरावर थांबत होता, मागे येत होता, पुन्हा पुढे जात होता. काहीतरी पढत असेल, असं देवेंद्रला वाटलं, आणि त्याने नजर काढून घेतली.

आज सकाळी देवेंद्र हॉस्पिटलच्या लॅबमधून रात्रपाळी करून परतला तेव्हा सर्फराज फ्लॅटच्या दाराबाहेर जिन्यात बसला होता. खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात काम करणारा सर्फराज एरवी सुटीच्या दिवशी उन्हं चढल्याशिवाय उठत नसे.

"चाचा गेले," तो म्हणाला. "पहाटे, फजरच्या वेळेला. शहरबानूवहिनीचा फोन आला होता."

फारूकचे वडील आठवडाभर चिपळूणला इस्पितळात होते. फारूकचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकला होता आणि तो हातात आल्याशिवाय त्याला देश सोडता येत नव्हता. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब रविवारी काय ते सांगणार होता. आठवडाभर त्या फ्लॅटमध्ये रविवार हा एकच वार होता.

"त्यांना माहीत नाही?"

"नाही. वहिनी म्हणाली, एकदम सांगू नका. आधी काहीतरी खायला घाला, नाहीतर दोन दिवस पाणी पिणार नाहीत. मग शांत माणसाने सांगा." सर्फराजने मान वर केली. "तू सांग. तू हॉस्पिटलमधला आहेस."

"मी लॅबमधला आहे, सर्फराज. माझ्याकडे नळ्या येतात. माणसं येत नाहीत."

"मग मी सांगू? मी तोंड उघडलं की रडणार."

तेवढ्यात आतून दार उघडलं होतं. खांद्यावर टॉवेल टाकलेला फारूक दोघांकडे आळीपाळीने बघत उभा होता. जिन्यात का बसलाय रे, असं त्याने विचारायच्या आत देवेंद्रच्या तोंडून निघून गेलं होतं:

"फारूकभाई, गरवायला जाऊ या. आठला निघू."

फारूक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चला."

बस, एवढंच झालं होतं. देवेंद्रला त्या घरात काही बोलायचं नव्हतं. फारूकची वळकटी, त्याचा चहाचा कप, भिंतीवरचं रत्नागिरीच्या बँकेचं कॅलेंडर, या सगळ्यांसमोर ते शब्द उच्चारायचे त्याच्या जिवावर आलं होतं. भरती-ओहोटीचा आलेख बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"खुबूस गार होतोय, फारूकभाई," त्याने आता बांधावरून हाक मारली. "अंडी पण आहेत."

"खाऊ नंतर."

"थोडं तरी खा."

"देवा, तुझी पाळी झालीये रात्रभर. तू खा. तोंड बघ तुझं."

देवेंद्रने खुबूसची रोटी पुन्हा फडक्यात गुंडाळली. डोळे चुरचुरत होते. रात्री लॅबमधलं एक मशीन बंद पडलं होतं आणि अर्धी पाळी त्याने उभ्याने काढली होती. झोप अंगात होती, पण डोक्यात नव्हती. त्याने मनात वाक्य जुळवून पाहिलं. *फारूकभाई, घरून फोन होता.* नको. *तब्येत जास्तच झाली.* हे खोटं. तब्येत आता जास्त होणार नव्हती. लॅबमध्ये आकडा हाताबाहेर गेलेला दिसला की फोन उचलायचा, वॉर्डला कळवायचं, पलीकडच्याकडून तो आकडा परत म्हणवून घ्यायचा आणि ठेवून द्यायचं. एवढं त्याला येत होतं. त्याच्यापुढचं पलीकडची माणसं करायची.

सर्फराजने थर्मासमधून चहा ओतला आणि एक कप फारूकला नेऊन दिला. फारूकने तो घेतला, शेजारच्या दगडावर ठेवला.

"सरफ्या, आज चांदाची तारीख किती?"

"एकोणीस."

"इकडची नको. तिकडची सांग."

सर्फराजचा हात थर्मासच्या झाकणावर थांबला. "तिकडची… अठरा. आपल्या गावाकडे एक दिवस मागे ना."

"अठरा," फारूक म्हणाला आणि अंगठा पुन्हा पेरांवर गेला.

सर्फराज परत आला तो देवेंद्रच्या मागे जाऊन बसला, पाठीला पाठ लावून. त्याचे खांदे हलत होते.

"तोंड धू जा," देवेंद्र हळूच म्हणाला.

"कशाने धुऊ? पाणी इराणात आहे."

देवेंद्रला हसू आलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

ऊन वाढलं. बगळा उडून गेला. लांबच्या पाण्याची कड जवळ यायला लागली, आधी डबक्याडबक्यांना जोडत, मग आवाज करत. क्षितिजावरची टँकर जहाजं जागची हलली नाहीत. फारूकने एक लहानसा शीम काढला, गळ अलगद सोडवला, मासा पंजात धरून उलटसुलट पाहिला आणि पाण्यात सोडून दिला.

"ठेवायचा ना," सर्फराज म्हणाला. आवाज नेहमीसारखा काढायचा त्याचा प्रयत्न दूरवरून ओळखू येत होता. "कालवण झालं असतं."

"कोण करणार कालवण आज?"



देवेंद्र उठला. आता सांगायचं, असं ठरवून उठला. दगडांवरून जाताना पायाखालचं बघत होता, त्यामुळे फारूकच्या शेजारी पोचेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. बसला. फडकं मांडीवर उघडलं.

"फारूकभाई, आधी एक घास खा. मग मला तुमच्याशी…"

"शहरबानूने सांगितलं असेल," फारूक म्हणाला. "आधी खायला घाला म्हणून."

समुद्राकडे बघतच म्हणाला. देवेंद्रचा हात खुबूसवर होता तिथेच राहिला.

"तिची आई गेली तेव्हा मी पण तसंच केलं होतं. आधी जेवू घातलं तिला. अजून बोलते मला त्यावरून."

"तुम्हाला कधी…"

"सकाळीच." फारूकने दोरी बोटावरून सोडली नाही. "रोज त्या गावच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं, दुवा, कुणाचं पोरगं पास झालं, नुसता ऊत असतो. आज सकाळपासून चिडीचूप. मी म्हटलं, नेट गेलं असेल. मग दार उघडलं तर तुम्ही दोघं जिन्यात. तरी म्हटलं, भांडण झालं असेल यांचं काही." तो थांबला. "मग तू म्हणालास, आठला."

देवेंद्रने फडक्याचा कोपरा सरळ केला.

"अरे, तीन वर्षं तू माझं डोकं खातोयस. फारूकभाई, आलेख बघा. फारूकभाई, चांदाच्या तारखेवरून तुमचं बोटावरचं भरतीचं गणित इकडे चालत नाही, खाडी वेगळी, चांद एक दिवस पुढे. आणि आज तू म्हणतोस आठला. तळाच्या ओहोटीला." त्याने पहिल्यांदा मान वळवली. डोळे लाल होते, पण कोरडे. "मी वाट बघितली, आत्ता म्हणशील, नाही नाही, दुपारनंतर जाऊ. तू म्हणालाच नाहीस. तेव्हा समजलो."

"मला सांगायला हवं होतं. तिथेच, दारात."

"काय करणार होतास? मला पण विचारायचं नव्हतं." त्याने फडक्यातला खुबूस घेतला, कोपरा तोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. "हं. खाल्लं. सांग तिला."

सर्फराज केव्हा येऊन मागे उभा राहिला होता ते कळलंच नाही. तो खाली बसला आणि फारूकच्या पाठीला डोकं टेकून मोकळेपणाने रडला. फारूकने मागे न वळता हात नेऊन त्याच्या केसांवर थापटलं, लहान पोराला थापटतात तसं.

"मंदूबला आजच फोन करतो," देवेंद्र म्हणाला. "आपण सगळे जाऊ त्याच्याकडे. आता तर त्याला…"

"रविवारची घाई नाही आता, देवा."

 पाणी आता बांधाच्या पायथ्याला आलं होतं. सकाळी शिसं ज्या खडकावर वाजलं होतं तो खडक दिसत नव्हता.

"तुम्ही पेरांवर काय मोजत होता?" देवेंद्रने विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, हे विचारायची ही वेळ नव्हती.

पण फारूकने उत्तर दिलं, आणि ते देताना त्याचा आवाज जरा सैलावला. "आमचं कबरस्तान खाडीपलीकडे आहे. मय्यत होडीतून न्यावी लागते. ओहोटी असली की सगळा चिखल, होडी अर्ध्यात रुतते. म्हणून गावात कुणी गेलं की लोक आधी पाणी बघतात, मग नमाजची वेळ ठरवतात. आजोबांना नेलं तेव्हा अब्बांनी असंच मोजलं होतं. पोरांना म्हणाले, दुपारच्या जोहरनंतर निघा, पाणी वर असेल." त्याने अंगठा पेरावर ठेवला. "आज तिथे तसंच आहे. जोहर पढतील, नमाज-ए-जनाजा होईल आणि होडी सुटेल. मी मोजत होतो, इकडचे किती वाजतील."

"किती?"

"आत्ताच."

देवेंद्रने सवयीने खिशातून फोन काढला. त्यात जगातल्या सगळ्या बंदरांचे आलेख होते. फारूकच्या गावच्या खाडीवरल्या दाभोळचाही असणार. त्याने पडद्यावर बोट ठेवलं, क्षणभर तसंच धरलं आणि फोन उपडा करून दगडावर ठेवला.

फारूक उठला. दोरी त्याने देवेंद्रच्या हातात दिली. "धर जरा."

सर्फराजनेही आपली आणि देवेंद्रची, अशा दोन्ही दोऱ्या आणून दिल्या.

दोघं खडकांवरून पाण्यापर्यंत उतरले. समुद्राच्याच पाण्याने त्यांनी हात धुतले, चुळा भरल्या, तोंड धुतलं, पाय धुतले. मग वर येऊन बांधावरच्या सपाट जागी चपला काढून उभे राहिले. फारूक एक पाऊल पुढे, सर्फराज मागे. सकाळपासून समुद्राकडे बघत बसलेल्या फारूकची आता समुद्राकडे पाठ होती. समोर रस्ता होता, महबूलाच्या इमारती होत्या, गच्च्यांवरच्या डिशच्या तबकड्या होत्या. देवेंद्र त्यांना नमाज पढताना रोज पाहत आला होता, पण ही जनाज्याची नमाज वेगळी होती. यात ते वाकले नाहीत की टेकले नाहीत. नुसते उभे राहिले. फारूकचे हात छातीखाली बांधलेले होते आणि अंगठा हलत नव्हता.

देवेंद्र तिन्ही दोऱ्या बोटांवर घेऊन बसला होता. पहिल्या वर्षी फारूकनेच त्याला शिकवलं होतं, मासा नुसता चाटून गेला तर ओढायचं नाही, गिळला की ओढायचं, आणि ते दोन्ही बोटाला वेगळं कळतं. तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं. फरक मोजता येत नसेल तर तो फरक कसला, असं त्याने विचारलं होतं.

फारूकची दोरी हलकेच थरथरली. थांबली. मग तर्जनीत एक जड, ठाम ओढ आली, खाली, खोलात. हामूर असणार. नीट गिळला होता.

देवेंद्रने मागे पाहिलं. दोघं अजून उभे होते.

त्याने बोट सरळ केलं आणि दोरी जाईल तेवढी जाऊ दिली.