एक चूक मुद्दाम

शेवटचा आकडा लिहून बाबांनी हात झटकले आणि घरातल्या फळ्यापासून दोन पावलं मागे सरकले.

"शोध," ते लेकीला म्हणाले.

शाळेने त्यांना उद्या एका तासापुरतं शिकवायला बोलावलं होतं. रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. हल्ली चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, ओळखीची नावं ओठांवर येऊन परत जायची. शाळेला काय कळवायचं, हे लेकीने ठरवायचं होतं. म्हणून तिने त्यांना त्यांचंच लाडकं समीकरण घातलं होतं: जांभळं परमँगनेट आणि लोखंड.

प्रत्येक अणूच्या डोक्यावर लाल खडूने ऑक्सिडेशन नंबर, मग कोणी किती इलेक्ट्रॉन दिले, कोणी घेतले, आणि शेवटी जुळवाजुळव. त्यात एक चूक बाबा वर्गात नेहमी मुद्दाम ठेवायचे. पकडेल त्याला खिशातली पेन्सिल. वर्ग डोळ्यांत तेल घालून बसायचा. पहिल्या बाकावरून लेकीचा हात सगळ्यांत आधी वर जायचा, पण तो बाबांना कधी दिसलाच नाही. घरच्या मुलीला पेन्सिल दिली तर लोक काय म्हणतील! शाळेची सगळी वर्षं तिने ती पेन्सिल दुसऱ्यांच्या हातात पाहिली होती.

तिने फळा वाचला आणि तिचा जीव भांड्यात पडला. चूक ठळक होती.

"मँगनीज आठ नाही, सात. आयनवरचा ऋण एक भार धरलाच नाही तुम्ही. म्हणून लोखंडही सहा नाही, पाच. इतकी सोपी ठेवलीत?"

बाबा फळ्याजवळ गेले. ओठ हलवत त्यांनी ऑक्सिजन मोजले, एकदा, पुन्हा एकदा.

"मी तर चूक पाण्याच्या आकड्यात ठेवली होती," ते हळूच म्हणाले. "चारच्या जागी तीन."

मी मघाशी गप्प बसले असते तर, असं तिला वाटून गेलं. बाबांनी बोटाने आठ पुसला, सात लिहिला. मग खिशातून पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली.

"नाही म्हणून कळवतेस ना?"

तिने पेन्सिल घेतली. नवीकोरी होती, टोकही केलं नव्हतं.

"हो म्हणून कळवते. मी येते बरोबर. पहिल्या बाकावर बसेन."

"आणि चुकलो तर?"

"हात वर करेन. पण तुम्हाला कुठे दिसतो माझा हात!"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

"दिसायचा गं," ते म्हणाले. "रोज दिसायचा."