हवापालट

बांधकाम खात्याचे साहेब, ताडकळसच्या रस्त्यावरचे कडुलिंब तुम्हीच पाडलेत. ते गेल्यापासून आमच्या हवामान केंद्राचा पारा चढतोय, असं मी लिहून दिलं, तर म्हणालात, "तुम्ही पारा बघा, रस्ता आम्ही बघतो."

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली आणि सगळं जगच तापतंय, हे लोकांना सांगायला निघालो. घरी आमच्या कमलबाई म्हणाल्या, "अहो, पाऊस कधी येणार ते तुम्हाला कधी सांगता आलं नाही. आता जगाचं काय सांगणार?" केंद्रातल्या लोकांचंही हेच मत होतं.

एकच लिंब उरला होता, आठवडी बाजाराच्या तोंडाशी. त्याच्याखाली बैलगाडीवर चढलो. बंदोबस्ताच्या पोलीस जमादारानं विचारलं, "सभा नामांतराची का?" म्हटलं, "हवामानाची." तो निवांत चहाला गेला.

'क्लायमेट चेंज' हा इंग्रजी शब्द इथं कळायचा नाही, म्हणून मी डोकं लढवून मराठी शब्द काढला होता. त्यावर भलताच खूश होतो. ओरडलो, "बंधू-भगिनींनो, मी हवापालटासाठी आलोय!"

भाजीवाली धुरपताबाई पुढं आली. "कवापासून खोकला हाय, भाऊ?"

"खोकला नाही हो, हवा..."

"लाजू नका. आमचे मालक बी हवापालटाला गेलते. लय उशीर केला त्यायनी."

किराणा दुकानातून मन्मथअप्पा म्हणाले, "शिकलेला माणूस हाय. छातीचंच आसंल."

झालं. लिंबाखाली माझ्यासाठी बाज पडली. शेळीचं दूध आलं. मी धुराचं, उष्णतेचं समजवायला लागलो की धुरपताबाई म्हणायची, "बोलू नका, धाप लागंल." उभ्या नोकरीत मला कुणी पाणी विचारलं नव्हतं. दूध प्यालो.

मग तुमची माणसं करवत घेऊन आली. मी आकडे सांगितले. मुकादमानं जांभई दिली. धुरपताबाई बाजेवर येऊन बसली. "पेशंट हाय ह्यो. सावली गेली तर मरंल. खून तुमच्यावर!" आणि हळूच मला, "खोक की, मेल्या!"

खोकलो. सगळं शास्त्र पणाला लावून खोकलो. करवत माघारी गेली.

आता तुमचा हुकूम आलाय, डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर झाड पाडू. डॉक्टरनं तपासलं. छाती ठणठणीत! धुरपताबाईला तोंड कसं दाखवायचं ते माझं मी बघतो. तुम्ही एवढंच सांगा साहेब, एक लिंब उभा राहायचा तर त्याच्याखाली कुणीतरी मरायला टेकलेलं असलंच पाहिजे का? जवाब द्या.