खळखळ वाजेपर्यंत

मी एक जुना आईसपॅक आहे, मित्रांनो. लसीच्या डब्यात चार बाजूंना निळ्या, चपट्या बाटल्या ठेवतात ना, त्यांतला एक. पोटात साधं पाणी. मंद्रूपकडच्या एका दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. कामाच्या दिवशी मला सगळे जपतात. एरवी मात्र कुणी विचारत नाही; एकदा तर कुणाच्या तरी लग्नात मला चक्क ताकाच्या पिंपात बुडवलं होतं! जाऊ द्या.

गोष्ट यंदाच्या मे महिन्यातली. तेजश्री सिस्टरनं आम्हाला फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडलं, तोच वस्तीवरच्या आशा कार्यकर्त्या चांगुणाबाईंचा फोन आला. त्यांच्या वस्तीवरची ऋतुजा तान्ह्या लेकीला घेऊन नवऱ्याच्या कामावर पुण्याला निघाली होती. आज लस चुकली, तर ती पोर परत कधी सापडणार?

गाडीवाला सिद्राम म्हणाला, ऊन मरणाचं आहे, जितकं गार तितकं बरं, टाका डब्यात अन् चला. इथंच तर सगळे फसतात! फ्रीजरमधून निघताना मी शून्याच्याही खाली असतो. तसाच डब्यात गेलो, तर शेजारची लस गोठते. गोठलेली लस वाया जाते, आणि दिसते मात्र चांगलीच. बाहेरची उष्णता अंगात मुरली की माझ्या बर्फाचं पाणी होऊ लागतं. मग वितळून संपेपर्यंत मी शून्यावरच अडून बसतो. तेवढाच गारवा लसीला सोसतो.

सिस्टरनं मला कानाशी धरून हलवलं. मी मुका. तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला. मला वितळायची कधी नव्हे एवढी घाई झाली होती.

"अजून दगड आहे. थांबू या," ती म्हणाली.

पुन्हा फोन वाजला. "एष्टी दिसाय लागली, सिस्टर. मी म्होरं हुबी ऱ्हाते, पर तुमी या की!"

सिद्रामनं गाडी चालू केली. सिस्टरचा हात डब्याकडे गेला आणि थांबला. तिनं मला परत हलवलं. पोटात खळखळ वाजली. हुश्श!

आम्ही पोचलो तेव्हा चांगुणाबाई हात पसरून एसटीपुढं उभ्या होत्या आणि कंडक्टर कावला होता. ऋतुजा पायरीवर घुटमळली. सिस्टरला पाहून ती खाली उतरली, पुढच्या गाडीनं जाईन म्हणाली. लिंबाखाली सुई टोचली आणि पोरीनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, कितीही घाई असो, मला कानाशी धरून एकदा हलवा. मी गप्प असलो, तर थांबा. मला थोडं पाणी होऊ द्या.