अकरा पॉइंट दोन

रक्त तपासणाऱ्या माणसालाच स्वतःच्या रक्ताची भीती वाटते, हे ऐकून लोक हसतील. हसू देत. मोताळ्याच्या या लॅबमध्ये मी बारा वर्षं काढली, आणि बाजाराच्या दिवशी नळ्यांची रांग लागली की दोन-चार रिपोर्ट नुसती पापणी ओढून, आतला लालपणा बघून अंदाजानं कसे लिहिले जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. मीच लिहिलेत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोचा, गुलनारचा रिपोर्टही मी तसाच लिहिला. सातवा महिना होता तिला. घरचंच तर रक्त, त्यासाठी केमिकल कशाला घालवा, म्हणून नळी बेसिनमध्ये ओतली आणि वहीत नंबर २१४ पुढे हिमोग्लोबिन ११.२, नॉर्मल, असं टाकलं.

"बराबर देखे ना?" तिनं विचारलं होतं.

मी "हाव" म्हणालो. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. अंगात रक्तच नव्हतं, डॉक्टर म्हणाले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, पण तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात मालक दयारामभाऊंनी लिनक्सचा नवा कॉम्प्युटर आणला. आता आकडे रक्त तपासायच्या मशीनमधून केबलनं थेट त्यात यायचे. हातानं लिहिणं बंद. पण यूएसबी केबल जोडली की पडद्यावर क्षणभर दिसायची आणि गायब व्हायची. ड्रायव्हर टाकला, तरी तेच. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की अंधांच्या ब्रेल लिपीसाठीचा एक प्रोग्राम ती केबल आपलीच समजून अडवून धरतो.

"मंग काढून टाक ना त्याले," भाऊ म्हणाले. "अन् आपलंही रक्त पाहून घे बे एकदा. जिना चढतानी दम लागून राह्यला तुले. तोंडावर रंग नाही."

प्रोग्राम काढला, केबल पुन्हा लावली. सकाळपासून मशीनमध्ये एकही नळी ठेवलेली नव्हती, तरी पडद्यावर ओळ उमटली: नंबर २१४, हिमोग्लोबिन ६.१. तारीख दोन वर्षांपूर्वीची. जुनी वही उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. तोच नंबर, तोच दिवस. बेसिनमध्ये ओतलेल्या रक्ताचा आकडा मशीननं मला दिला होता.

दंडाला पट्टा बांधून स्वतःचं रक्त काढलं, नळी जागेवर ठेवली, नाव टाईप केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा आकडा हवा होता.

बटणाला हात लावण्याआधीच उत्तर आलं: मतीन, ११.२, नॉर्मल.

केबल काढून पुन्हा लावली, बटण दाबलं, चार वेळा दाबलं. आकडा दर वेळी तोच आला. मशीनची रक्त ओढणारी सुई एकदाही नळीत उतरली नाही. नळी काठोकाठ तशीच भरलेली होती.

"बराबर पाह्यलं ना?" भाऊंनी मागून विचारलं.

मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि "हाव" म्हणालो.