कुंपणाआतली केळ

"अहो, हसा की जरा! आणि घड थोडा खाली घ्या, चेहरा झाकला जातोय तुमचा."

राखणदार मुकीबीने केळीचा घड खाली घेतला. घड चांगला दणदणीत होता आणि फोटो काढणाऱ्या बाईंना तो सगळ्या बाजूंनी हवा होता. मागे संशोधन करणाऱ्या डॉक्टर नामुली मॅडम, शेजारी राजधानी कंपालाहून आलेले शेती खात्याचे साहेब आणि भोवती डोक्यावर टोप्या घातलेले पाहुणे. टोप्यांवर छापले होते, 'आफ्रिकेच्या विकासासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान'. एक टोपी मुकीबीलाही मिळाली होती. ती त्याला घट्ट होत होती, पण आज काढायची नाही असे साहेबांनी बजावले होते.

"चवीला कशी लागते हो ही?" एका पाहुण्याने कौतुकाने विचारले.

"माहीत नाही साहेब."

"म्हणजे? इतकी वर्षं राखण करताय आणि चाखली नाही?"

"कुणीच चाखली नाही. परवानगी नाही."

पाहुणे मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. मुकीबी घड धरून उभाच होता, हात भरून आले होते.

त्यात विनोद कसला? संशोधन केंद्राच्या या कुंपणाआत केळीला मर लागत नव्हती. बाहेर सगळ्या मुलखात त्या मरीने बागाच्या बागा आडव्या केल्या होत्या. पाने पिवळी पडून लोंबायची, खांब कापला की पू यावा तसा चीक यायचा, घड झाडावरच आतून सडायचा. डॉक्टर नामुली आणि त्यांच्या माणसांनी ढोबळी मिरचीतला एक गुण काढून केळीत घातला आणि केळ मरीला पुरून उरली. गावातले लोक मुकीबीला चिडवायचे, "काय रे, तुझं केळं तिखट लागतं का?" पण त्यांना काय सांगणार, कप्पाळ! या केळीला बाहेर जाऊ देणारा कायदा अजून झाला नव्हता. त्याचा मसुदा कधी या कपाटात असायचा, कधी त्या टेबलावर. कायदा होईपर्यंत पानसुद्धा कुंपणाबाहेर न्यायचे नाही. घड तयार झाला की निरीक्षकासमोर तुकडे करायचे, खड्ड्यात लोटायचे, रॉकेल ओतून पेटवायचे. ज्या मुलखात कच्च्या केळ्यांचे मतोके पोटात गेले नाही तर माणूस जेवलोच नाही म्हणतो, तिथे मुकीबी स्वतःच्या हाताने घड जाळत आला होता. पहिल्यांदा जाळले तेव्हा तो खड्ड्यापलीकडे जाऊन रडला होता. नंतर सवय झाली. माणसाला कसलीही सवय होते, मेली.

दुपारी मांडवात पाहुण्यांना जेवण दिले. केळीच्या पानात वाफवलेले, कुटलेले मतोके आणि शेंगदाण्याची आमटी. केळी बाजारातून आणली होती. पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतले आणि या भूमीचे भविष्य विज्ञानाच्या हाती कसे आहे यावर भाषणे झाली. मग गाड्या निघून गेल्या.

डॉक्टर नामुली कुंपणापाशी आल्या. घडाघडा बोलणारी बाई, पण आज मुकीबीकडे न बघता बोलत होत्या.

"मुकीबी, प्रकल्प बंद झालाय. पैसे देणारे दुसऱ्या कामाकडे वळले. शुक्रवारी सगळं तोडायचंय."

"सगळं म्हणजे मॅडम?"

"सगळं. कंदासकट. निरीक्षक येणार आहेत."

"मग आज हे फोटो कशाला काढले?"

"अहवालाला लागतात."

मुकीबीने डोक्यावरची घट्ट टोपी काढली. "आणि माझ्या आईचं काय? तुम्ही शब्द दिला होता तिला. घरी आला होतात तुम्ही. पहिला मुनवा, पहिलं रोप तुमच्या बागेत लावीन म्हणाला होतात."

"दिला होता हो शब्द." नामुली म्हणाल्या. "मला वाटलं होतं, वर्षभरात होईल कायदा. मी काय मुद्दाम खोटं बोलले का?"

नाही, खोटे त्या बोलल्या नव्हत्या. पण त्या शब्दावर मुकीबीच्या आईने काय काय केले होते, ते त्यांना कुठे ठाऊक होते?

मुकीबीच्या वस्तीत मर आली ती शेजारच्या फ्लाविया म्हातारीच्या नवऱ्याच्या मयतीत. मयत झाली की शेजारपाजारचे कोयते घेऊन निघतात. या बागेतून घड, त्या बागेतून पाने तोडतात आणि आलेल्या माणसांना जेवू घालतात. कुणाची बाग हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. त्यातला एक कोयता आजारी झाडावरून आला होता. तो बागेबागेतून फिरला आणि पाहता पाहता सगळी वस्ती पिवळी पडली. मर लागलेल्या झाडाचा चीक पात्याला लागून जातो, म्हणून दर झाडाला पाते चुलीत तापवायचे हे मुकीबी केंद्रात शिकला होता. त्याने तेव्हाच आईला सांगितले होते. ती त्याच्यावर खेकसली होती, "लोकांच्या घरात प्रेत पडलंय आणि मी कोयता भाजत बसू? चेटकीण म्हणतील मला!" अर्धी बाग गेल्यावर तिने ऐकले. मग मात्र तिचा कोयता कुणाच्या हाताला लागला नाही आणि दुसऱ्याचा कोयता तिच्या बागेत शिरला नाही. त्यावरून शेजाऱ्यांशी भांडणे झाली, बोलणे तुटले. वस्तीत जवळजवळ सगळ्यांनी केळी उपटून मका पेरला, निलगिरी लावली. मुकीबीच्या आईने घराजवळच्या थोड्या केळी तशाच जगवत ठेवल्या. सगळे समजवायला आले की ती एकच सांगायची, "माझा मुलगा आणणार आहे न मरणारी केळ. डॉक्टरीणबाई स्वतः सांगून गेल्यात."

त्या संध्याकाळी मुकीबी घरी गेला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"तोडणार म्हणे सगळं," आई म्हणाली. चुलीपुढे बसून ती रताळी सोलत होती.

"हं."

"मग एखादा मुनवा नको का द्यायला त्यांनी? फेकूनच देणार ना?"

"जाळणार आहेत आई. तसा नियम आहे."

"नियम!" तिने रताळे पातेल्यात आपटले. "इतकी वर्षं तू कधी पानाला हात लावला नाहीस. मी एका शब्दानं बोलले का? माझा पोरगा चोर नाही म्हणून मिरवलं मी. पण जाळून टाकायच्या वस्तूतून एक उचलली तर ती काय चोरी होते?"

मुकीबीने चुलीतले लाकूड आत सारले.

"मी आता किती दिवसांची रे? मतोके वाढल्याशिवाय माझ्या दारातून माणूस गेलेला मला माहीत नाही. आता पाहुणा दिसला की मी आत लपते. माझं एक ऐक. एकच आण."

"बघतो," तो म्हणाला, आणि खरोखर आणायचे म्हणून म्हणाला.

शुक्रवारी तोड झाली. सकाळपासून पाती चालत होती. निरीक्षक छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. निरोगी, हिरवेगार खांब पडत होते आणि मजूरसुद्धा हळहळत होते. दुपारी निरीक्षक जेवायला उठला, तेव्हा मुकीबीने मधल्या रांगेतला एक चांगला जाड मुनवा कंदासकट उपटला. गवताच्या भाऱ्यात घातला आणि भारा सायकलला बांधला. आयुष्यात कधी कुणाची काडी उचलली नव्हती त्याने.

फाटकाशी नामुली उभ्या होत्या. त्यांनी भाऱ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"सोडा तो भारा, मुकीबी."

"मॅडम, एकच आहे हो."

"माहीत आहे."

"आईला दिलेला शब्द तुमचाच आहे. मी तुमचा शब्द पाळतोय."

त्यांचे डोळे भरून आले, पण त्या बाजूला झाल्या नाहीत. "उद्या हा एक मुनवा कुणाच्या बागेत सापडला, तर पुढची पन्नास वर्षं कुणी कायदा करणार नाही. चोरून पसरवली म्हणतील. सगळ्यांचं मातेरं होईल. माझं, तुमचं, या कामाचं."

"काम तर आताच खड्ड्यात चाललंय की!"

"तरीसुद्धा," नामुली म्हणाल्या. "कृपा करा."

आणि मुकीबीने भारा सोडला. पुढे जन्मभर तो स्वतःला विचारणार होता की आपण का सोडला. त्यांना ढकलून जाता आले असते. त्यांनी आरडाओरडाही केला नसता. पण त्याच्या अंगात नियम मुरला होता. स्वतः खड्ड्यापाशी जाऊन त्याने मुनवा आत टाकला. ओला कंद लवकर पेटेना. तो पेटेपर्यंत नामुली त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या, पण त्याला त्यांची कीव आली नाही. रागच आला.

परतताना मसाका शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक माणूस केळीचे मुनवे विकत बसलेला असतो. मुकीबी त्याच्यापुढून निघून गेला, थांबला आणि मागे फिरला. त्याने त्यातल्या त्यात जाड मुनवा निवडला. साधाच, गावठी, बाजारातला. दिसायला अगदी तसाच. मिरचीतला गुण काही वरून दिसत नाही. घरी जाऊन काय बोलायचे हे त्याने ठरवले नव्हते. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जायचे नाही, एवढेच ठरवले होते.

बोलावे लागलेच नाही. सायकलवर मुनवा पाहताच आई आनंदाने ओरडली. अंगणात तिने खड्डा करून, राख-शेण घालून ठेवले होते. शेजारच्या बायका आधीच जमल्या होत्या. ज्यांच्याशी ती वर्षानुवर्षे बोलली नव्हती, त्यांना तिने स्वतः बोलावणे धाडले होते.

"बघा! आणला की नाही माझ्या पोरानं?"

"आई, जरा आत ये. तुझ्याशी बोलायचंय," मुकीबी म्हणाला.

"नंतर बोल रे! आधी ऊन उतरतंय तोवर लावू दे." ती इतकी हसत होती की चाळीस वर्षांपूर्वीची दिसत होती. "कंद साफ करायला हवा. ए फ्लाविया, दे गं तुझा कोयता."

फ्लावियाने चिकाचे काळे डाग पडलेला कोयता दिला. आईने कंदाची मुळे तासली, मुनवा खड्ड्यात उभा केला, माती दाबली. मग तोच कोयता घेऊन ती घरामागच्या केळींकडे वळली आणि सुकलेली पाने सपासप उतरवू लागली. एका झाडाची, दुसऱ्याची, तिसऱ्याची.

"आई, पातं तापव!"

"आता कशाला रे? आता न मरणारी आली की!" ती म्हणाली. "ह्या म्हाताऱ्या केळी गेल्या तरी चालतील. नव्याला जागा होईल."

हा मुनवा साधाच आहे हे सांगायचे तर आत्ताच, एवढ्या बायकांसमोर. मुकीबीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि खाली पडलेली पाने तो गोळा करू लागला.

"पहिला मुनवा फुटेल तो फ्लावियाला," आई पानामागून पान खाली टाकत जाहीर करत होती. "दुसरा तुला गं. सगळ्यांना मिळेल, भांडू नका."

फ्लाविया म्हातारी मुकीबीसमोर आली. तिचे गुडघे दुखत होते, तरी एक हात भिंतीला टेकून ती खाली वाकली, दोन्ही गुडघे जमिनीला टेकले आणि मोठ्या माणसाचे मानावेत तसे तिने त्याचे आभार मानले. तिच्या नवऱ्याच्या मयतीपासून वस्तीत कुणी तिच्याशी धड बोलले नव्हते.

"उठा मावशी," मुकीबी म्हणाला.

ती उठेना. त्याने आशीर्वादाचे काहीतरी बोलावे म्हणून मान खाली घालून ती वाट पाहत राहिली.