गरोदर की गर्भवती

छापखान्यातली माणसं त्यांना वेलांटीकाका म्हणत. वेलांटी पहिली की दुसरी, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी चाळीस वर्षं पोट भरलं होतं. निवृत्त झाले तरी मालक अडल्यानडल्याला प्रुफं घरी पाठवीत, आणि काकांना नाही म्हणणं कधी जमलं नाही.

प्रुफं एकट्याने तपासायची नसतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. बायको होती तोवर ती वाचायची. ती गेल्यावर हे काम सुनेकडे आलं. सुनेचं वाचणं स्वच्छ होतं. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा ती वाचायची, त्यामुळे बाहेरच्याला वाटावं, घरात कुणी पाढे म्हणतंय. काकांनी तिला पहिल्याच दिवशी एक धडा दिला होता. अर्थाच्या मागे जायचं नाही. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते.

त्या मंगळवारी आरोग्य खात्याचं एक पत्रक आलं. ‘स्वाइन फ्लू : समजून घ्या, कुटुंबाला जपा.’ चारच पानं, पण संध्याकाळपर्यंत हवी होती. काकांचा घसा सोमवारपासून खवखवत होता. अंग मोडून आलं होतं, मधूनमधून खोकल्याची उबळ यायची. ताप म्हणावा तर अंग जेमतेम कोमट. सांगितलं असतं तर सुनेने कामाला बसू दिलं नसतं, आणि मग मालकांना फोन करून नकार कळवावा लागला असता. फोनपेक्षा खोकला बरा, असं काकांनी ठरवलं.

मुलाने कामावर निघता निघता मथळा वाचला. डुकरांचा आजार आहे बाबा, आपल्याकडे डुक्कर सोडा, मांजरही टिकत नाही, असं म्हणून तो चपला घालून गेला. सासरा आणि सून दोघंही हसली.

मग दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. टेबल हातभर रुंद. काकांना थंडी वाजत होती म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. सुनेला सातवा महिना होता, तिने पाठीशी उशी घेतली आणि वाचायला लागली.

“हा आजार डुकरांपासून नव्हे स्वल्पविराम तर माणसाकडून माणसाला होतो पूर्णविराम.”

‘डुकरापासून’ असं छापलं होतं. काकांनी ‘रा’वर अनुस्वार दिला. चूक सापडली की त्यांना अजूनही लहान मुलासारखा आनंद व्हायचा. त्यांनी अंगठा जिभेला लावून पान उलटलं. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला मूळ प्रत आणि प्रूफ यांची अदलाबदल करायची, ही त्यांची जुनी पद्धत. त्यामुळे त्यांनी चाळलेली पानं तिच्या हातात जात होती आणि तिची त्यांच्या. खोकला आला की ते मान जराशी वळवीत.

दुसऱ्या फेरीत एक पेच निघाला. पत्रकात एके ठिकाणी ‘गरोदर’ होतं, दुसरीकडे ‘गर्भवती’. एका मजकुरात दोन शब्द चालत नाहीत.

“तूच ठरव,” काका म्हणाले. “विषय तुझा आहे.”

तिने पोटावर हात ठेवून दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले.

“गरोदरच ठेवा, बाबा. गर्भवती म्हटलं की देवळातली मूर्ती वाटते. मी काय, घरात फतकल मारून बसलेली.”

मग तिने दुरुस्त वाक्य पुन्हा वाचलं. “गरोदर स्त्रिया स्वल्पविराम लहान मुले स्वल्पविराम वृद्ध यांना धोका अधिक पूर्णविराम. औषध लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पूर्णविराम.” काकांनी ‘अठ्ठेचाळीस’मधला ‘ठ्ठ’ नीट पाहिला. बरोबर होता.

गुरुवारी संध्याकाळी तिला ताप भरला. शुक्रवारी तिने विचारलं, डॉक्टरांना दाखवावं का. काकांनी तिला धीर दिला. पडसं आहे, मलाही झालं होतं, दोन दिवसांत उतरलं. ती त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. मुलानेही बापाचं ऐकलं. शनिवार तिने झोपून काढला. रविवारी सकाळी खाटेवरून उठून खुर्चीपर्यंत येताना तिला धाप लागली, आणि तिच्या ओठांचा रंग पाहून मुलगा गाडी आणायला धावला.

आता सोमवारची दुपार होती. काकांना दवाखान्यात जायची मनाई होती. ते टेबलाशी बसून फोनकडे बघत होते. तो वाजला तेव्हा एरवीसारखा त्यांनी उचलायला वेळ लावला नाही.

मुलगा म्हणाला, तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आहे. बाळाचे ठोके लागतायत. औषध काल सुरू केलं, पण डॉक्टर म्हणतात उशीर झाला, आता वाट बघायची. मग त्याने विचारलं, डॉक्टरांना हवंय म्हणून, घरात पहिल्यांदा कोण आजारी पडलं.

“मी,” काका म्हणाले. “मागच्या सोमवारी.”

“म्हणजे प्रूफ वाचलंत तेव्हा—”

“हो.”

पलीकडे चाकाची खाट गेल्याचा आवाज आला. मुलगा रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, जेवून घ्या, आणि मास्क लावून बसा.

दार वाजलं. छापखान्यातला माणूस पत्रकांचा गठ्ठा उंबऱ्याबाहेर ठेवून, लांबूनच हात करून जिना उतरला. काकांनी वरचं एक उचललं. कागद करकरीत होता, शाई नीट बसली होती. पान उलटायला अंगठा जिभेकडे गेला, मास्कवर आपटला आणि तिथेच राहिला. ते उठले, साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि परत येऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीवरच्या उशीकडे बघत पहिल्यापासून वाचू लागले. खोकताना तोंडावर रुमाल धरा. आजारी माणसाने वेगळ्या खोलीत राहावे. खिडक्या उघड्या ठेवा. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, अशा वेळी थांबू नका. एकही चूक नव्हती. सगळं आत्ताच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी जाऊन खिडकी उघडली. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

फोन पुन्हा थरथरला. मुलाने फोटो पाठवला होता. तिला बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने कागद-पेन्सिल दिलं होतं. वाकड्यातिकड्या, उतरत गेलेल्या अक्षरांत एकच ओळ होती.

‘बाबांनापण औशध दया’

काकांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. खिशातलं पेन खिशातच राहिलं. पूर्णविराम तिने दिलेला नव्हता, आणि तो कुठे द्यायचा, हे काकांना कळत नव्हतं.