एदेल्मिराबाईंचे दात

मांसाचा तुकडा अंगठ्यानं दाबून बघत फेर्मीन म्हणाला, "ही नुसती गाय नव्हे. हिला नातवंडं असतील."

त्याची बायको नेलिदा हसली नाही. मेंदोसा शहरातून आलेली ती पेटी तिनंच मागवली होती. दूध आटलेल्या भाकड गाईचं मांस, कोवळ्या खोंडाच्या निम्म्या भावात. रंगाला काळपट, चरबीला पिवळं.

"पातळ काप," ती म्हणाली. "आदल्या दिवशीच मीठ आणि व्हिनेगर लावून ठेव. वरून चटणी घालू भरपूर."

"चटणीनं गाय तरणी होत नाही, नेलिदा."

"मग टाळं लावू दाराला? तू जा खाणीवर. मी जाते बहिणीकडं, तिच्या पोरांची धुणी धुवायला."

फेर्मीननं सुरी उचलली. निखाऱ्यांवरच्या जाळीपुढं मांस भाजत उभं राहण्यात त्याचा सगळा जन्म गेला होता. वाद घालण्यात तो कधीच हुशार नव्हता.

उस्पायाता गावातून घाटानं चिली देशाकडं चढणारा रस्ता त्यांच्या दारावरूनच जायचा. खाणावळीचं नाव 'काणी खेचर'. ते फेर्मीनच्या बापानं ठेवलेलं, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. देशाचा पैसा, म्हणजे पेसो, घसरला की खाणावळीला बरकत यायची, आणि ही गोष्ट नेलिदाच्या घशाखाली कधी नीट उतरली नव्हती. पेसो आपटला की गावातले लोक मांस सोडून शेवया उकडायला लागायचे आणि त्याच आठवड्यात घाट उतरून चिलीचे लोक यायचे. त्यांच्या पैशाला इथं वजन यायचं. बापे कमरेचे पट्टे सैल करून बसायचे, बायका उरलेली बरगडी कागदात गुंडाळून घ्यायच्या. शेजाऱ्यांच्या चुली विझल्या म्हणजे आपली पेटते, असं नेलिदाला वाटायचं. पण पेटायची हे खरं.

मग वारं फिरलं. दुकानातले भाव चढतच राहिले, डॉलर मात्र जागचा हलेना. चिलीच्या माणसाला आपल्या सांतियागोतल्यापेक्षा उस्पायातातलं जेवण महाग पडायला लागलं. उलट इथलेच लोक टायर आणि पोरांचे कपडे आणायला घाट चढून तिकडं जाऊ लागले. भरलेल्या गाड्या दारावरून जायच्या, थांबायच्या नाहीत. मांडीवरच्या डब्यातले पाव खात खिडकीतून लोक खाणावळीकडं बघायचे.

थांबायची ती एकट्या एरिबेर्तोची बस. एरिबेर्तो चिलीतल्या लोस आंदेस गावचा. म्हाताऱ्या माणसांच्या मंडळांना तो मेंदोसाची सहल घडवायचा. अंगानं आडवा, बोलण्यात गोड. नेलिदाचं लग्न झालं त्या सुमारापासून तो येत होता. जेवणाचा दर तो मंडळांना वर्षाच्या सुरुवातीला सांगून टाकायचा. मध्येच वाढवला तर पेन्शनवरची माणसं येणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. त्या दरात खोंडाचं मांस वाढणं म्हणजे प्रत्येक ताटामागं पदरचं घालणं. म्हणून ती भाकड गाय.

एरिबेर्तोचं ताट मात्र वेगळं. गाडीभर गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला त्या रस्त्यावर कुठलीही खाणावळ फुकट जेवू घालते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो जाळीशेजारच्या लहान टेबलावर बसायचा, फेर्मीनशी फुटबॉलवरून भांडायचा. त्याच्यासाठी नेलिदा गावातल्या खाटकाकडून खोंडाचा एक चांगला तुकडा आणून ठेवायची. तो आपला माणूस आहे, म्हणून आणते, असं ती स्वतःला सांगायची. जेवण झालं की तो उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "खाऊन घ्या मंडळी. असं मांस सांतियागोत मंत्र्यालाही मिळत नाही." आणि ते तो मनापासून म्हणायचा.

पॉपलरची झाडं पिवळी पडली त्या सुमारास पुताएंदो गावच्या बायकांचं मंडळ आलं. सुई घेऊन लोकर विणणाऱ्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांच्यात एदेल्मिराबाई होत्या. नेलिदा त्यांना ओळखत होती. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या. दरवर्षी नवऱ्याबरोबर यायच्या. नवरा, लाउतारो, पोस्टात होता. आदल्या हिवाळ्यात तो गेला आणि त्यानंतरचा हा त्यांचा पहिला प्रवास. त्या नेहमीच्या खिडकीपाशी बसल्या आणि नवरा मागवायचा तोच जाड काप त्यांनी मागवला.

"एवढा संपेल तुम्हाला, बाई?" नेलिदानं विचारलं.

"नाही संपणार. पण बघते तरी."

नेलिदा दुसऱ्या टेबलांवर वाढत होती, पण तिचं लक्ष खिडकीकडं होतं. एदेल्मिराबाई पहिला घास चावत राहिल्या. मग हातरुमाल तोंडाला लावला. दुसरा घास, पुन्हा रुमाल. तिसऱ्या घासानंतर सुरी-काटा त्यांनी ताटात शेजारी शेजारी नीट ठेवला.

"काय झालं, बाई? आवडलं नाही?"

"छे, छे, छानच आहे. माझेच दात गेले आता. लाउतारो असते तर फस्त केलं असतं." त्या ओशाळून हसल्या. "मागच्या वर्षी खाल्लं होतं हो मी. वर्षात एवढी म्हातारी झाले."

त्या वेळी नेलिदाला खरं बोलता आलं असतं. जाळीपाशी जाऊन एरिबेर्तोच्या तुकड्यातला काप आणता आला असता. ती म्हणाली, "वय झालं की असं होतंच, बाई. बारीक चिरून देऊ?"

"नको. उगीच वाया जायला नको." ताट उचलून एदेल्मिराबाई जाळीपाशी गेल्या. "घे रे बाबा, तू खा. तुझे दात चांगले आहेत."

एरिबेर्तोनं हसत एक घास घेतला. चावला. चावतच राहिला. हळूहळू त्याचं हसू मावळलं. त्यानं स्वतःच्या ताटातल्या गुलाबी कापाकडं पाहिलं, मग बाईंच्या ताटाकडं, मग फेर्मीनकडं. फेर्मीन निखारे सारखे करत होता. मान त्यानं वर केली नाही.

एरिबेर्तोनं तो घास गिळला. बाईंना म्हणाला, "छान आहे." त्या दिवशी उठून तो काही बोलला नाही. निघताना त्यानं आपल्या ताटाखाली पैसे ठेवले, पूर्ण जेवणाचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नेलिदा ते हातात घेऊन दारात आली तेव्हा बस वळणावर पोचली होती.

त्यानंतर त्याची बस थांबेना. आठवड्या-पंधरवड्यानं ती खाली जाताना दिसायची, दोन दिवसांनी वर जाताना. आधी तो भोंगा तरी वाजवायचा, आता तोही बंद.

"त्याला कळलं," नेलिदा म्हणाली.

"कळणारच होतं." फेर्मीन जाळी घासत होता. "मला वाटलं होतं, लवकर कळेल."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

भाकड गाईची पुढची पेटी तिनं मागवली नाही. खोंड परवडत नव्हतं, म्हणून दारातल्या फळ्यावरून तिनं मांसाचे काप पुसून टाकले. मसुराचा रस्सा आणि सारणाच्या करंज्या, एवढंच राहिलं. गावातल्या लोकांनी एकमेकांना विचारलं, जाळी असलेल्या खाणावळीत मसूर खायला कोण जाईल? फारसं कुणी गेलं नाही. फेर्मीन आठवड्यातले काही दिवस रस्त्यावरचं बर्फ हटवणाऱ्यांबरोबर कामाला जाऊ लागला.

भर हिवाळ्यात घाट बंद झाला. वर इतकं बर्फ पडलं की ट्रकांची रांग गावाबाहेरपर्यंत गेली. अडकलेल्या गाड्यांमध्ये एरिबेर्तोची बस होती, मेंदोसाहून परतणारं एक चर्चचं गायक मंडळ घेऊन. गावानं त्यांची सोय शाळेच्या दालनात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दार ढकलून आत आला. टोपी हातात, डोळे लाल.

"माझी माणसं थंडीनं काकडलीत," तो म्हणाला. "गावात दुसरीकडं गरम काही मिळत नाही."

"मांस नाही माझ्याकडं. मसूर आहेत."

"मसूर चालतील."

तिनं मोठं पातेलं चढवलं, घरातली होती नव्हती ती हाडं आणि भोपळा त्यात घातला. माणसं आली, वाफाळत्या ताटांवर ओणवी होऊन जेवली. एरिबेर्तोही त्यांच्यातच बसून जेवला. जाळीशेजारच्या टेबलाकडं तो फिरकला नाही. सगळे गेल्यावर पैसे द्यायला तो गल्ल्यापाशी आला आणि तिथंच उभा राहिला.

"एदेल्मिराबाई आठवतात?"

"आठवतात."

"सगळे दात काढून घेतले त्यांनी."

नेलिदाचा हात गल्ल्यावरच राहिला.

"दोन-तीन हलत होते म्हणे. बाकीचे राहतील, असं डॉक्टर सांगत होता. बाईच म्हणाल्या, काढूनच टाका, यांचा काही उपयोग उरला नाही. आता कवळी बसवलीय. ती टोचते. तोंडावर हात धरून बोलतात."

"तू सांगितलं नाहीस त्यांना? त्या दिवशी?"

"काय सांगू? त्यांना इथं उतरवणारा मीच ना? मंत्र्यालाही मिळत नाही, असं म्हणणारा मीच." त्याचा आवाज खाली आला. "परत जाताना सगळा घाटभर त्या शेजारणीला सांगत होत्या, म्हातारी झाले गं मी, आता प्रवास पुरे. मला आरशात दिसत होत्या. तोंडात शब्द होता नेलिदा, पण काढला नाही. तुझ्यावर रागावणं सोपं होतं. म्हणून तेवढं केलं."

तिला वाटलं होतं, तो शिव्या देईल. त्यापेक्षा हे जड होतं.

रस्ता उघडला त्या सकाळी एरिबेर्तोच्या बसनं पुताएंदोला जायला तिनं कोट घातला. फेर्मीन दारात उभा होता.

"तिथं जाऊन काय करणार?"

"सांगणार."

"आणि मग?"

"मग काय ते त्या बघतील."

तो दारातून बाजूला झाला. "माझंही नाव सांग. दोन्ही तुकडे मीच भाजत होतो."

पुताएंदोच्या एका अरुंद गल्लीत एदेल्मिराबाईंचं मातीच्या भिंतींचं घर होतं. एरिबेर्तो दारापर्यंत आला. आधी तो बाहेरच थांबणार होता, मग टोपी काढून आत आला. बाईंनी दोघांना बसवलं, चहा केला, पाव ठेवला. मग नेलिदानं सांगायला सुरुवात केली. पेटी कुठून आली, मांस कसलं होतं, 'वय झालं की असं होतंच' हे आपण कसं म्हणालो, सगळं. आडपडदा ठेवला नाही आणि भाववाढीचं रडगाणंही गायलं नाही. एरिबेर्तोनं आपल्या वाट्याचं सांगितलं.

एदेल्मिराबाईंनी कप खाली ठेवला. मग तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ती गायच म्हातारी होती."

"हो, बाई."

"दातांचं मला एवढं नाही. आज ना उद्या जायचेच होते." पावाचा तुकडा त्यांनी चहात बुडवून ठेवला. "पण त्या दिवशी तो घास रुमालात काढताना मला वाटलं, सगळं संपलंय आणि मीच वेड्यासारखी लाउतारोंच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलेय. घरी आले आणि त्यांचे कपडे देऊन टाकले. टोपी, कोट, सगळं. ते गेल्यापासून कपाट उघडलं नव्हतं मी. त्या दिवशी उघडलं आणि रिकामं केलं. कोटाला अजून त्यांचा वास होता."

नेलिदाला रडू आलं. तिनं ते दाबलं, कारण इथं रडायचा हक्क तिचा नव्हता.

"कुणाला दिला कोट?" एरिबेर्तोनं विचारलं. "मी शोधून आणतो."

"चर्चमध्ये दिला. कुणातरी गरिबाच्या अंगावर असेल. त्याच्या अंगावरून काढून आणणार का?" बाई रागावून बोलल्या नव्हत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही आलात, हे बरं केलंत. क्षमा केली असं मात्र मी आज म्हणणार नाही. म्हटलं तर खोटं होईल, आणि खोट्याचा मला आता कंटाळा आलाय. चहा प्या. निवतोय."

दोघांनी निमूटपणे चहा प्यायला. निघताना बाईंनी पायरी दाखवायला नेलिदाचा दंड धरला. ती पायरी तुटकी होती.

पुढच्या वर्षी पेसो एका आठवड्यात पुन्हा आपटला. गावात लोकांनी पुन्हा शेवया उकडल्या आणि घाटावरून गाड्या उतरू लागल्या. सान लुईसहून कोवळं मांस यायला लागलं, फेर्मीननं बर्फाचं काम सोडून जाळी पेटवली. एरिबेर्तोची बस थांबू लागली. आता तो लोकांबरोबर बसतो, त्यांच्यासारखंच मागवतो आणि पैसे देतो. नेलिदा ते घेते. मांसाची तारीफ तो करत नाही, कुणी विचारलं तर म्हणतो, खाऊन बघा.

पुताएंदोचं मंडळही दरवर्षी येतं. एदेल्मिराबाई नसतात. नेलिदा दरवेळी विचारते आणि बायका सांगतात, बऱ्या आहेत, कवळीची सवय झाली, अंगणात भाजी लावतात, प्रवास मात्र नको म्हणतात. नेलिदा मान हलवते, आणि पुढच्या टेबलाला काय हवं ते विचारायला जाते.